वाइडनफुर्ट, पान एकतीस

वाइडनफुर्ट हे गाव अनुयाने कधी पाहिलं नव्हतं, पण त्या गावात कुणाच्या परसात सफरचंदाची किती झाडं आहेत हे ती न अडखळता सांगू शकली असती. अर्थात आजची झाडं नव्हेत. बावीस मार्च १९४५च्या सकाळी उभी होती ती. त्या सकाळी एका ब्रिटिश विमानाने खूप उंचावरून गावाचे फोटो काढले होते, आणि त्या फोटोंनी त्या वर्षीच्या वसंतात पुरे दोन महिने स्लाऊमधल्या ट्रेडिंग इस्टेटवर, एका फरशांच्या गोदामाच्या डोक्यावर असलेल्या ऑफिसात, अनुयाचं टेबल अडवलं होतं.

तिचं काम सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग गप्प होतात. युद्धात जर्मनीवर पडलेले सगळेच बाँब फुटले नाहीत. बरेचसे जमिनीत तसेच रुतून बसले, आणि ऐंशी वर्षांनंतरही त्यांतले काही जिवंत आहेत. म्हणून तिकडे कुठे खोल खणायचं झालं की आधी हे जुने फोटो जाणत्या माणसाला दाखवतात. फुटलेल्या बाँबचा खड्डा फोटोत बशीएवढा दिसतो, न फुटलेल्याचं भोक मोहरीएवढं. अनुया ती मोहरी शोधायची. सापडली नाही की ‘जागा मोकळी आहे’ असं लिहून खाली सही करायची. त्या सहीवर भरवसा ठेवून कुणीतरी माणूस यंत्रावर चढतो, हे ती सहसा मनात आणत नसे. आणलं असतं तर सही झालीच नसती.

वाइडनफुर्ट चारशे बारा वस्तीचं. उल्मे नदी गावाच्या मधून जाते. डाव्या काठावर टेकाड, टेकाडावर चर्च, चर्चच्या भोवती दाटीने घरं. उजव्या काठाला सखल जमीन, सफरचंदाच्या बागा, एक बंद पडलेली पिठाची गिरणी. दोन्ही काठांना जोडणारा तीन कमानींचा दगडी पूल. अनुयाचे वडील मुरलीधरराव कराडला भूमी अभिलेखच्या कचेरीत चौतीस वर्षं मोजणीदार होते. त्यांनी फोटो पाहताक्षणी निकाल दिला होता, “म्हणजे टेकाडावर वस्तीची पांढरी आणि पलीकडे शेतीची काळी. आपल्यासारखंच आहे की गाव!” बायको गेल्यापासून त्यांचा वेळ जाता जात नसे. लेकीने पाठवलेला फोटो त्यांनी मोठा करून आणला आणि जेवणाच्या टेबलावर काचेखाली घातला. चार घास खाता खाता ते वाइडनफुर्टची शीव बघत बसत.

तर उजव्या काठावर, पुलाला लागून, गावाच्या अग्निशमन दलाची नवी शेड व्हायची होती. अनुयाने तपासणी केली. विमानांचा नेम खरं तर दोन मैलांवरच्या रेल्वेपुलावर होता, पण नेम चुकला आणि नदीकाठच्या बागांत ओळीने पाच खड्डे पडले. ओळीच्या पुढे एक मोहरी होती, पण ती शेडच्या जागेपासून पुरी चाळीस मीटर लांब, सफरचंदांच्या बागेत. अनुयाने बागेवर लाल खूण केली, शेडच्या जागेवर हिरवा शिक्का मारला. सीनिअर म्हणून गिरीश पाठक यांनी तपासून खाली सही केली. रिपोर्ट गेला. तीन आठवडे झाले.

आज गुरुवार. वाइडनफुर्टमध्ये आज शेडची पहिली कुदळ मारायची होती. आपल्याकडे भूमिपूजन असतं तसंच तिकडेही असतं, फक्त नारळाऐवजी बँड आणि सॉसेज. निमंत्रणाच्या मेलची एक प्रत अनुयालाही आली होती. दहा वाजता कुदळ, मग भाषणं, साडेदहाला सगळ्यांच्या समोर पायलिंगचं मशीन पहिला खांब ठोकणार. तिकडचे साडेदहा म्हणजे इंग्लंडचे साडेनऊ.

आठ वाजून पाच मिनिटांनी लँग्लीहून निघालेल्या बसमध्ये अनुयाने नेहमीप्रमाणे वडिलांना फोन लावला.

“आज तुझ्या गावात कार्यक्रम ना गं?” मुरलीधरराव म्हणाले. “बरं, मला एक सांग. तिथला पूल कधी हलवला?”

“कुठला पूल?”

“त्या गावात एकच पूल आहे. तू परवा आजचा नकाशा पाठवलास ना, तो मी फोटोशेजारी ठेवलाय. जुन्या फोटोत चर्चवरून उतरलेला रस्ता सुतात पुलावर जातो आणि पलीकडे तसाच सरळ निघतो. आजच्या नकाशात तोच रस्ता नदीशी आला की डावीकडे मुरडतो, पूल ओलांडतो आणि पलीकडे परत उजवीकडे मुरडतो. मला हे पटेना.”

“बाबा, पूल तोच आहे. तीन कमानी, तोच दगड. मी किती वेळा बघितलाय!”

“दगड असेल तोच. पण अगं, वाट आधी होते, पूल मागून येतो. माणसं पिढ्यान्‌पिढ्या जिथून उतरतात तिथे पूल बांधतात. कुणी मुद्दाम वळसा घालून नदीवर जात नाही. आम्ही मोजणीला गेलो आणि पुलाशी वाट मुरडलेली दिसली की पहिल्यांदा म्हातारं माणूस गाठायचो आणि विचारायचो, पूल कधी हलवला?”

बस एका सिग्नलला थांबली होती. समोरच्या सीटवरची बाई लिपस्टिक लावत होती. अनुयाच्या पायाखालची वाळू सरकायला लागली होती.

कारण साधं होतं. जुना फोटो आजच्या नकाशावर बसवायचा तर तेव्हाही होत्या आणि आजही आहेत अशा जागा धरायला लागतात. ऑफिसात त्यांना कंट्रोल पॉइंट म्हणत, मुरलीधरराव खुणेचे दगड म्हणत. डाव्या काठावर तिच्याकडे चर्च होतं, जुना चौक होता, दफनभूमीचा कोपरा होता. उजव्या काठावर मात्र सगळं बदललेलं. गिरणी पाडलेली, बागा वाढलेल्या. तिथे तिने एकच दगड धरला होता. पूल. पूल चाळीस मीटर हलला असेल तर त्या काठावरचं तिचं सगळंच चाळीस मीटर सरकलं होतं. बागेतली मोहरी बागेत नव्हती.

“बाबा, मी नंतर करते फोन.”

“काय झालं गं?”

“नंतर!”

आठ पंचवीसला ती ऑफिसात शिरली तेव्हा गिरीशकाका चहात बिस्किट बुडवत होते. गिरीश पाठक नागपूरचे, पंचवीस वर्षांपूर्वी आलेले, दोन वर्षांत रिटायर होणारे. बाकीचं ऑफिस त्यांना नुसतं गिरीश म्हणे. अनुयाला ते कधी जमलं नाही. चार वर्षांपूर्वी तिचा इंटरव्ह्यू त्यांनी घेतला होता, तिचा व्हिसा स्पॉन्सर करायला कंपनीला त्यांनीच राजी केलं होतं.

तिने कोट न काढता कॉम्प्युटर चालू केला आणि उभ्याउभ्याच त्यांना सांगितलं. त्यांचं बिस्किट चहात पडलं.

“रस्ता वळतो म्हणून पूल हलला? अनुया, तुझ्या बाबांबद्दल मला फुल रिस्पेक्ट आहे, पण हे काही एव्हिडन्स नाही.”

“काका, फोटो बसवताना उजव्या बाजूला स्ट्रेच येत होता. मी तुम्हाला दाखवला होता. आपण म्हटलं, हिली एरिया आहे, एवढा चालतो.”

“चालतोच. नेहमी चालतो.”

“चाळीस मीटर नाही चालत!”

ते उठून तिच्या खुर्चीमागे आले. तिने पुलाचा कंट्रोल पॉइंट काढून टाकला आणि फोटो नुसता डाव्या काठावरच्या दगडांवर बसवला. उजवा काठ नदीच्या वरच्या अंगाला सरकला. पाच खड्ड्यांची ओळ सरकली. आणि ती मोहरी शेडच्या हिरव्या चौकोनात, जवळजवळ मधोमध, येऊन बसली.



“हे प्रूफ नाही,” काका म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. “एका बाजूचे पॉइंट्स धरून दुसरी बाजू ताणली की एरर येणारच. बेटा, शांतपणे विचार कर. आपण आत्ता फोन केला, कार्यक्रम थांबवला, आणि तिथे काही निघालं नाही तर क्लायंट गेला. आणि निघालं तर त्याहून वाईट. आपण दोघांनी सही केलीय. माझं सोड, मी म्हातारा झालो. तुझी नोकरी गेली तर साठ दिवसांत देश सोडायला लागेल. पर्मनंट रेसिडन्सीचा अर्ज करायला तुला किती राहिलेत?”

“दहा महिने.”

“दहा महिने! आधी कन्फर्म कर. मग बघू.”

ते दुष्टपणाने बोलत नव्हते. ते घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस शहाणपणाच्या भाषेत बोलतो. अनुयाला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी स्वतःचीही लाज वाटली, कारण बसमधून उतरताना ‘कुणाला न सांगता आधी बघून घ्यावं’ असा विचार तिच्याही मनात येऊन गेला होता.

“कन्फर्म करायला माझ्याकडे पन्नास मिनिटं आहेत,” ती म्हणाली.

आणि मग तिला पीडीएफ आठवली.

तपासणीच्या सुरुवातीला तिने गावाला एक मेल टाकला होता, काही जुनी माहिती आहे का विचारायला. उत्तर आलं ते फ्राऊ इर्मगार्ड होल्ट यांचं. एक्याऐंशी वर्षांच्या बाई, जवळच्या शहरात जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या, आता गावाचा इतिहास लिहीत बसलेल्या. त्यांनी चाळीस पानी पुस्तिका पाठवली होती, जर्मन भाषेत. अनुयाने मोठ्या उत्साहाने वाचायला घेतली. नदीतल्या उथळ उतारावरून गावाचं नाव कसं पडलं, ते वाचलं. १७८४चा पूर वाचला. नवव्या पानावर पुराच्या घंटेची हकिकत होती, ती तर तिने वडिलांना मराठी करून ऐकवली. तीन ठोके, थांबा, पुन्हा तीन ठोके. ती घंटा वाजली की खालच्या अंगाला असलेल्या माणसाने हातातलं टाकून चर्चची पायरी चढायची, का म्हणून विचारायचं नाही. आजही दर मे महिन्यात शाळेची पोरं तिचा सराव करतात. असं बारा पानांपर्यंत मजेत गेलं. मग दुसरं काम आलं. अनुयाने फ्राऊ होल्टना ‘अत्यंत उपयुक्त माहिती’ म्हणून आभाराचा मेल लिहिला आणि पुस्तिका मिटली.

ती तिने आता उघडली. पुलाचा जर्मन शब्द टाकून शोधायला लागली. पान चार, पान अकरा, पान सव्वीस. पान एकतीस.

पान एकतिसावर एक फोटो होता. गुडघाभर पाण्यात उभी असलेली पंधरा-वीस माणसं, हातात दोर, दोराला बांधलेला दगड. खाली तीन ओळी. एप्रिल १९४५मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने गावाचा पूल उडवला. सहा वर्षांनी गावकऱ्यांनी नदीतून तेच दगड काढून, तशाच तीन कमानींचा पूल पुन्हा उभारला. जुन्या जागचा पाया खचल्यामुळे तो बेचाळीस मीटर खाली, प्रवाहाच्या अंगाला घेतला.

अनुयाने स्क्रीनवर बोट ठेवलं. गिरीशकाकांनी चष्मा पुसून वाचलं. त्यांना जर्मन तिच्यापेक्षा चांगलं येत होतं. वाचून झाल्यावर ते सावकाश आपल्या खुर्चीत जाऊन बसले, आणि अनुयाला वाटलं, आता हे हातपाय गाळणार. पण त्यांनी फोन ओढला.

“क्लायंटला आणि तिथल्या पोलिसांना मी करतो. तू गावाला कर.”

घड्याळात नऊ वाजले होते. तिकडे कुदळ पडत असणार.

गावच्या कचेरीत फोन वाजत राहिला आणि मग रेकॉर्ड केलेला आवाज आला. आज कार्यक्रमानिमित्त कचेरी बंद आहे. अग्निशमन दलाच्या नंबरवर कुणी उचललं नाही. सगळं दलच त्या जागेवर टोप्या घालून उभं असणार! गावात एक बेकरी, तिचा फोन वाजवला. तिथे एका मुलीने उचलला, अनुयाचं मोडकंतोडकं जर्मन ऐकून ती हसली आणि ‘आज ब्रेड संपला’ म्हणून ठेवून दिला. पुन्हा लावला तर लागेना. महापौरांचा मोबाइल बंद. भाषण करणारा माणूस मोबाइल बंदच ठेवतो, एरवी आपण त्याचं कौतुक करतो.

“क्लायंटचा इंजिनिअर साइटवर आहे, उचलत नाही,” काका पलीकडून म्हणाले. “मेसेज टाकलेत. पोलीस गाडी पाठवताहेत. पण स्टेशन अठ्ठावीस किलोमीटरवर आहे.”

नऊ बारा.

अनुयाने पुस्तिकेचं शेवटचं पान काढलं. तिथे लेखिकेचा पत्ता होता, चर्चशेजारचं घर, आणि घरचा फोन. फोन अकरा वेळा वाजला. अनुयाने मोजले.

“होल्ट,” एक कोरडा आवाज आला.

“फ्राऊ होल्ट, मी अनुया देशमाने, इंग्लंडहून. फोटो तपासणारी. मी तुम्हाला मेल केला होता.”

“हो, हो! तुम्हाला माझी पुस्तिका आवडली होती.”

“मी ती पूर्ण वाचली नव्हती,” अनुया म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही. “मी पान बारापर्यंतच वाचली. मला पूल हलल्याचं माहीत नव्हतं. शेडच्या जागेखाली बाँब असण्याची दाट शक्यता आहे. साडेदहाला ते खांब ठोकणार आहेत. तुमच्या गावात कुणी फोन उचलत नाही.”

बाई ओरडतील, रडतील, निदान पुन्हा एकदा विचारतील असं अनुयाला वाटलं. फ्राऊ होल्टनी खिडकी उघडल्याचा आवाज आला आणि तिच्यातून बँड ऐकू यायला लागला.

“मी इथून त्यांना बघू शकते,” त्या म्हणाल्या. “निम्मं गाव आहे तिथे. पण मी पोचू शकत नाही. माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं, चार आठवडे झाले. पुलापर्यंत जायला मला अर्धा तास लागेल.”

“शेजारी कुणी?”

“शेजारी तिथे बँडमध्ये आहेत.”

अनुयाने डोळे मिटले. तिच्या डोळ्यांसमोर तो फोटो आला. चर्च, उतरता रस्ता, नदी. एवढ्या दिवसांत एकाच गोष्टीची तिला पक्की खात्री झाली होती. ते गाव कुठे वर आहे आणि कुठे खाली.

“फ्राऊ होल्ट, पुराची घंटा! पान नऊ. चर्चची किल्ली कुणाकडे असते?”

“माझ्याकडेच. माझे यजमान तिथले घंटेवाले होते.” बाईंनी खोल श्वास घेतला. “ती घंटा अजून दोराने वाजवतात. मुद्दाम तशी ठेवलीय, वीज गेली तरी वाजावी म्हणून. दोर जड आहे.”

“तुम्हाला जमेल?”

“बघू. फोन मी खिडकीत ठेवते. तुम्ही ठेवू नका.”

वॉकरचे पाय फरशीवर आपटत दूर गेले. दार वाजलं. मग नुसती खिडकी उरली, आणि खिडकीतून येणारं वाइडनफुर्ट.

अनुयाने स्पीकर चालू केला. काका जवळ येऊन उभे राहिले. बँड वाजत होता, थोडा बेसूर. मग थांबला. टाळ्या. एक पुरुषाचा आवाज, शब्द न कळणारा, बराच वेळ. लोक हसले. भाषण लांबवणाऱ्या पुढाऱ्याला अनुयाने आयुष्यात पहिल्यांदा मनापासून दुवा दिला. अजून बोल, बाबा, अजून बोल. पण तो थांबला. पुन्हा टाळ्या.

नऊ चोवीस. घंटा नाही.

“साडेनऊ म्हटलं होतं ना?” काका कुजबुजले.

मग डिझेल इंजिनाची घरघर सुरू झाली. लोकांनी ओहो केलं. कार्यक्रम वेळेच्या आधी चालला होता. जर्मन माणूसही नेमका आजच आगाऊपणा करणार होता!

“अजून त्या पोचल्या कशा नाहीत?” अनुया म्हणाली. तिला ती पायरी दिसत होती. पुस्तिकेतल्या फोटोत चर्चच्या दाराशी सात पायऱ्या होत्या, तिने मोजलेल्या. चार आठवड्यांचा खुबा, सात पायऱ्या, कुलूप, आणि मग दोर. आपण एका म्हातारीला मरायला पाठवलंय असं तिला वाटलं. आपली चूक, आणि तिथे चढतेय कोण?

धप्प.

खांबावर पहिला घाव पडला. गिरीशकाकांनी तिचा हात घट्ट धरला.

धप्प.

अनुयाच्या मनात दोन घावांमधल्या शांततेत एकच गोष्ट आली. चार मीटर. असे बाँब साधारण चार मीटर खोल जातात, आणि प्रत्येक घावाला खांब किती जातो, हे तिला माहीत नव्हतं.

धप्प.

आणि घंटा वाजली.

एकच ठोका, अर्धवट, दोर हातातून निसटल्यासारखा. मग काहीच नाही. इंजिन घरघरत होतं. अनुया फोनला म्हणाली, “ओढा! ओढा!” जसं काही कुणी ऐकत होतं. मग तीन ठोके आले. थांबले. पुन्हा तीन. थांबले. पुन्हा तीन.

इंजिन बंद पडलं.

कुणीतरी मोठ्याने प्रश्न केला, कुणीतरी हसलं. मग एक लहान मूल ओरडलं, आणि त्यामागोमाग खूप पावलांचा आवाज, दगडी रस्त्यावर, वर येणारा. सराव केलेली पोरं सगळ्यांच्या पुढे असावीत. पावलं खिडकीखालून जात राहिली. कुणी का म्हणून विचारत नव्हतं. घंटा वाजतच होती, ठोके हळूहळू अशक्त होत गेले, आणि शेवटी कुणीतरी तरुण हातांनी दोर घेतला असावा, कारण ती एकदम जोरात वाजू लागली.

अनुया खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली. काकांनी तिला रडू दिलं. मग कपातलं बिस्किट चमच्याने काढून टाकलं आणि तिच्यासाठी नवा चहा करायला गेले.

शुक्रवारी दुपारी बाँब सापडला. दोनशे सत्तावीस किलोचा, ब्रिटिश, फ्यूज शाबूत, तीन मीटर नव्वद सेंटिमीटर खोल. खांब त्याच्यापासून दोन मीटर अलीकडे थांबला होता. निकामी करायला पाच तास लागले, आणि तोवर सगळं गाव टेकाडावर बसून कार्यक्रमातली उरलेली सॉसेज खात होतं.

कंपनीने अनुयाला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. चौकशी सोमवारी होती. गिरीशकाकांनी आपल्या जबाबात ‘तपासणी माझी, जबाबदारीही माझी’ असं लिहून दिलं आणि अनुयाला बजावलं, “मी वकील पाहिलाय, तो म्हणतो ते ऐक. तोवर कुठेही लेखी काही देऊ नकोस. कुणालाच.”

रविवारी फ्राऊ होल्टचा फोन आला. त्यांच्या खुब्याला पुन्हा ऑपरेशन लागलं नव्हतं, तो नुसताच सुजला होता. डॉक्टर रागावले होते, म्हणून त्या खूश होत्या.

“पुस्तिकेची नवी आवृत्ती काढतेय,” त्या म्हणाल्या. “या गुरुवारचं एक पान घालायचंय. तुमचं नाव कसं लिहितात ते सांगा. आणि दुसरं एक विचारायचंय. मी असं लिहू शकते की इंग्लंडमधल्या एका कार्यालयाने वेळेत इशारा दिला. ते खरंच आहे. पूल आणि पान बारा, हे मी लिहायलाच पाहिजे असं नाही. पुस्तिका इंटरनेटवर असते. तुमच्याकडचे लोकही ती वाचतील.”

अनुया लँग्लीतल्या एका खोलीच्या घरात खिडकीपाशी उभी होती. समोरच्या भिंतीला तिने कॅलेंडर लावलेलं होतं, गेलेला एकेक महिना पेन्सिलने खोडलेला, दहा उरलेले. उद्याची चौकशी तिला दिसत होती. टेबलाच्या पलीकडून कुणीतरी ते छापील पान तिच्यापुढे सरकवेल, हेही दिसत होतं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं मुरलीधरराव नेहमी म्हणायचे. पण पुढच्याने ठेच लागल्याचं सांगितलंच नाही तर मागच्याने शहाणं व्हायचं कशावरून?

“सगळं लिहा,” ती म्हणाली. “पूल हलला होता हे मी विचारलं नाही. पुस्तिका पूर्ण वाचली नाही. माझं नाव अनुया मुरलीधर देशमाने. रस्ता मुरडतो हे ज्यांनी पाहिलं ते माझे वडील, मुरलीधर, त्यांचंही नाव लिहा. ते मोजणीदार आहेत.”

पलीकडे पेन कागदावर चाललेलं ऐकू आलं. बराच वेळ.

“लिहिलं,” फ्राऊ होल्ट म्हणाल्या. “मग हे शेवटचं पान होईल. एक्केचाळिसावं.”

“नको,” अनुया म्हणाली. “पहिल्या बारा पानांत कुठेतरी घाला.”